सागवानी भिंत आणि दुपारची झोप

३ मार्च, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं आहे. बँकेत सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, स्वतःच्या हातचं चार ओळींच्या वर कधी लिहिलं नाही. सहा महिन्यांपूर्वी आमचा सह्या पडताळणीचा विभाग बंद झाला. ते काम आता यंत्र करतं. मला 'स्वेच्छेने' निवृत्त केलं. स्वेच्छा कोणाची, ते पत्रात लिहिलेलं नव्हतं.

सहा महिने मी वर्तमानपत्र वाचलं. आज वाचून संपलं.

नवा उद्योग असा: आमच्या दिवाणखान्याच्या लांब भिंतीला आधीच्या मालकाने प्लायच्या अकरा फळ्या ठोकून ठेवल्या आहेत. तीस वर्षांपूर्वी ती फॅशन होती. काळपट, चकचकीत, मधे मधे खाचा. बायको म्हणते, या भिंतीसमोर बसलं की एखाद्या जुन्या लिफ्टमध्ये अडकल्यासारखं वाटतं. फळ्या काढायला गेलं तर मागची भिंत उघडी पडणार आणि तिचं काय झालं असेल देव जाणे. म्हणून मी त्या रंगवणार. साधा रंग नाही, सागवानाचा आभास. खाली पिवळसर रंग, वर पातळ तपकिरी हात, तो ओला असताना फणीने आणि ब्रशने लाकडाच्या रेषा ओढायच्या. ही भिंत नमुना. ती पाहून लोक कामं देतील.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "करा. पण सोफ्यावर काही सांडलं तर मी आईकडे जाणार नाही, कारण आई इथेच आहे. तुम्हालाच पाठवीन."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या. त्याला तीन वर्षं झाली.

५ मार्च, बुधवार

दोन दिवस फळ्या घासतो आहे. जुनं पॉलिश निघाल्याशिवाय नवा रंग धरत नाही. पॉलिश पेपर, फडकं, पुन्हा पॉलिश पेपर. खाचा तर काडीला कागद गुंडाळून घासल्या. बँकेतल्या कामासारखंच आहे, घाई केली की फसलं. सासूबाई दाराशी येऊन भिंतीवरून तळहात फिरवून गेल्या. काही बोलल्या नाहीत. एरवी मीठ जास्त झालं तरी बोलतात.

१० मार्च, सोमवार

पिवळसर हात दोन्ही वाळले. आज पहिल्या फळीवर तपकिरी हात मारून रेषा ओढल्या.

खरं लिहितो. भयंकर दिसलं. सागवान सोडा, चहा सांडून पुसल्यासारखं दिसत होतं. गाठ काढायला दुकानदाराने रबरी ठसा दिला होता. त्याने सात गाठी काढल्या आणि साती जणू सख्ख्या बहिणी. जेवताना घास गिळवेना. 'यंत्राने केलं असतं तर बरं झालं असतं' असं मनात आलं, आणि मग तर अजिबातच गिळवेना. रंग तेलाचा आहे, संध्याकाळपर्यंत ओला राहतो, उठल्यावर पुसून टाकू म्हटलं आणि दीड वाजता झोपलो.

चारला उठून पाहतो तर फळी सुधारली होती! रेषा सुट्या झाल्या होत्या. चार गाठी नाहीशा, उरलेल्या तीन तिघी वेगळ्या, आणि एक तर अशी की जवळ जाऊन हात लावावासा वाटला. मी दहा मिनिटं नुसता उभा होतो. रंग वाळताना स्वतःला सावरतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. फक्त वरची वीतभर पट्टी सावरली नाही. छताजवळ हवा लागत नसावी.

बायको शाळेच्या कार्यालयातून सहाला आली. पर्स खांद्यालाच ठेवून तिने फळी पाहिली. मग स्वयंपाकघरात गेली. मी डोकावलो तर सासूबाई भाजी चिरत होत्या, डाव्या हाताने, नेहमीसारख्या झरझर, आणि बायको त्यांच्याकडे बघत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. छान झालंय," बायको म्हणाली. "तुम्ही गुणगुणताय."

मी गुणगुणत होतो म्हणे.

१४ मार्च, शुक्रवार

चार फळ्या झाल्या. पद्धत बसली आहे. सकाळी काम, एकला जेवण, दीड ते चार झोप, मग निकाल. कलेत विश्रांतीचं स्थान काय असतं ते आज समजलं. रंगाकडे टक लावून बसलं की तो बिथरतो. काल मुद्दाम जागा राहायचं ठरवलं होतं, पण सासूबाई म्हणाल्या, "झोपा हो, तुमचा चेहरा उतरलाय." त्या माझ्या चेहऱ्याकडे बघतात हेच मला नवीन होतं. झोपलो.

बायकोचा कंगवा रंगाच्या डब्यामागे सापडला. एकाआड एक दात तुटलेले. हल्लीचं प्लास्टिक म्हणजे काही विचारू नका.

२१ मार्च, शुक्रवार

अकराही फळ्या पुऱ्या. वरची पट्टी सोडली तर भिंत बघून कुणीही फसेल. शेजारचे काका फसले. त्यांनी बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "सागवान आहे, पण हलक्या प्रतीचं." याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

तेच काका दातांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दोन भिंतींना अशाच फळ्या आहेत. बाई भिंतीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "माझे पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यात ती काळी भिंत. हे असं हवंय मला. अगदी हेच." पहिलं काम मिळालं!

मी त्यांना विश्रांतीचा सिद्धांत समजावून सांगितला. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना एकदम ठसका लागला. वय झालं आहे.

२५ मार्च, मंगळवार

उद्योग वाढवायचा तर जागा हवी. डबे, ब्रश, कागद सगळं गॅलरीत पडलं आहे. सासूबाईंची खोली छोटी असली तरी कोरडी आहे. तीन वर्षं झाली, आता त्यांच्या मुलानेही थोडं बघावं. मी मेहुण्याला फोन केला. "तुमचाही हक्क आहे आईवर," असं म्हणालो. तो म्हणाला, "बायकोला विचारतो."

संध्याकाळी हे बायकोला सांगितलं. तिने ताटं जरा जोरात ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही आईला घालवताय. आत्ता. या महिन्यात."

"घालवत नाहीये गं. सोय बघतोय."

"अहो, तुम्ही सव्वीस वर्षं काय तपासत होता हो?"

याचा आणि त्याचा काय संबंध, ते कळलं नाही. रागात माणूस काहीही बोलतो.

सासूबाईंच्या कानावर गेलंच. त्या शांतपणे म्हणाल्या, "जाते. दवाखान्याची एक भिंत होऊ दे, मग जाते." त्यांना दवाखान्याच्या भिंतीशी काय देणं-घेणं? पण म्हाताऱ्या माणसांना कुठली तरी तारीख धरून ठेवायची असते.

१ एप्रिल, मंगळवार

दवाखान्यात डावी भिंत सुरू. घासकाम, भेगा बुजवायची लांबी, पिवळा हात, सगळं व्यवस्थित. बाई एक ते चार घरी जातात, तेव्हा मी आतल्या खोलीत त्यांच्या त्या खुर्चीवर झोपतो. खुर्ची मागे झुकते, इतकी सुखाची झोप घरीही लागत नाही. बाईंनी परवानगी दिली आहे, फक्त चपला काढून.

सासूबाई रोज एकला डबा घेऊन येतात. रिक्षाने येतात, डबा उघडून देतात, मग म्हणतात, "तुम्ही पडा, मी भांडी घेऊनच जाते." नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. जायच्या आधी जरा सेवा करून घ्यावी असं त्यांना वाटत असावं. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं, पण झोप आली.

इथे वरची पट्टीसुद्धा सावरते. हवा खेळती आहे. सकाळी खिडकीपाशी असलेलं स्टूल भिंतीला लागलेलं दिसलं, कोणीतरी पेशंट बसला असेल.

सासूबाईंच्या नखांत हल्ली तपकिरी काहीतरी असतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "जुनी सवय." त्या लग्नाआधी आणि नंतरही लोखंडी कपाटांच्या कारखान्यात होत्या एवढं मला माहीत आहे. तिथे काय करत होत्या ते मी कधी विचारलं नाही. लोखंडाचा गंज म्हणावा तर तो इतकी वर्षं कसा राहील?

४ एप्रिल, शुक्रवार

डावी भिंत झाली. मला आता अहंकाराची भीती वाटू लागली आहे. बाईंच्या एका पेशंटने, गाल सुजलेला असताना, उठून भिंतीला हात लावला.

संध्याकाळी मेहुणा गाडी घेऊन आला. सासूबाईंनी एकच पिशवी घेतली. निघताना मला म्हणाल्या, "उजव्या भिंतीची घाई करू नका. पुसायला फडकं जवळ ठेवा." मी वाकून नमस्कार केला. बायको दारातून आत निघून गेली.

खोली रिकामी झाली. उद्या डबे हलवतो.

९ एप्रिल, बुधवार

उजवी भिंत. पहिली फळी. साडेबाराला रेषा ओढून झाल्या, नेहमीसारख्या वाईट. डबा स्वतःच नेला होता. दीडला झोपलो. चारला उठलो.

तशीच वाईट.

रंगाची भेसळ असणार. दुकानदाराशी भांडलो. त्याने नवा डबा दिला, तोंड वाकडं करून.

१० एप्रिल, गुरुवार

विश्रांती कमी पडत असावी. आज सव्वाला झोपलो ते साडेचारला बाईंनी हलवून उठवलं, पहिला पेशंट आला होता म्हणून. भिंत पाहिली. पुसली.

१२ एप्रिल, शनिवार

दोन फळ्या नाइलाजाने तशाच वाळू दिल्या. डॉक्टरीणबाई आज म्हणाल्या, "एक विचारू? डावीकडे बसलेले पेशंट विचारतात, हे लाकूड कुठून आणलं. उजवीकडे बसलेले विचारतात, इथे गळतं का?"

त्या चेष्टेने म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. सोमवारपर्यंत सुधारा, नाही तर दुसरा माणूस बघते, असंही म्हणाल्या. मी रस्त्यावरून येताना घरांची दारं बघत आलो. पुन्हा वर्तमानपत्र वाचायचे दिवस येणार. घरी येऊन सासूबाईंच्या रिकाम्या खोलीत डब्यांमध्ये बसलो. बायकोने चहा आणून दिला.

१३ एप्रिल, रविवार

दवाखाना बंद होता. किल्ली मागून घेतली आणि माझं बँकेतलं जुनं भिंग घेऊन गेलो. म्हटलं, आपण एवढी वर्षं जे करत होतो ते तरी करू. दोन्ही भिंती दोन सह्या समजून शेजारी ठेवल्या.

सही तपासताना अक्षर बघायचं नसतं. दाब बघायचा, कुठे थांबली ते बघायचं, आणि हात उचलताना निघणारी शेपटी बघायची. उजव्या भिंतीत शेपट्या उजवीकडे वळतात. तो माझा हात. डाव्या भिंतीत प्रत्येक शेपटी डावीकडे. दाब हलका, कुठेही शंका नाही, कुठेही मागे फिरणं नाही. गाठी ठशाच्या नाहीतच, अंगठ्याच्या पेराने दाबून फिरवलेल्या आहेत. मी सबंध भिंत शोधली. तीत माझ्या हाताचं बोटभरही काम नव्हतं.

बँकेत असतो तर दोन ओळींत अहवाल दिला असता: हात एकच, डावखुरा, वीस-तीस वर्षांचा सराव.

घरी येऊन आमची भिंत पाहिली. वरची वीतभर पट्टी तेवढी माझी. जिथे सासूबाईंचा हात पोचत नाही, तिथून वर मी.

१३ एप्रिल, तोच दिवस

बायकोला सांगितलं. ती कपडे घडी करत होती. "कळलं का शेवटी?" एवढंच म्हणाली.

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून. अहो, आई कारखान्यात कपाटांवर लाकडाच्या रेषाच काढायची. बावीस वर्षं. आमच्याकडे कपाट आलं की पोरी रेषा मोजत बसायचो."

"मग मला सांगितलं का नाहीस? दोघींनी मिळून मला वेड्यात काढलं."

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. "सहा महिने तुम्ही जेवताना ताटाकडेसुद्धा बघत नव्हता. मी कामावर जायची ती एकच विचार घेऊन. परत येईन तेव्हा तुम्ही कसे असाल? त्या दिवशी तुम्ही गुणगुणत होता. आई म्हणाली, राहू दे गं, त्याला काय होतं. आणि मग तुम्ही तिलाच बाहेर काढलंत."

मला रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कोणी नाही. लाज वाटली म्हणून आलं, आणि त्याहून जास्त, कोणीतरी रोज दुपारी माझ्यासाठी उभं होतं म्हणून आलं.

१४ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाईंकडे फोनवर आठवडाभराची मुदत मागितली आणि सकाळच्या बसने मेहुण्याच्या गावी गेलो. तीन तासांत वाक्यं पाठ केली. मेहुण्याच्या बायकोने दार उघडलं.

"आई आहेत?"

"वरच्या मजल्यावर आहेत, तिकडचं दार रंगवतायत. आमचं पाहिलंत?" तिने स्वतःचंच दार लोटून दाखवलं. मी लोखंडी दारातून आत आलो होतो आणि मला ते सागवान वाटलं होतं. "अहो, मजल्यावर चार घरांनी सांगितलंय. शेजारच्या वहिनी तर रोज विचारतात. तुम्ही त्यांना न्यायला नाही ना आलात?"

वीस दिवसांपूर्वी मेहुण्याला आधी हिलाच विचारावं लागणार होतं.

मी वर गेलो. सासूबाई साडीचा पदर खोचून, डाव्या हातात तो कंगवा घेऊन दारासमोर उभ्या होत्या. त्यांनी मान वळवून मला पाहिलं आणि पुन्हा दाराकडे वळल्या. ओला रंग सोडून कोणी बोलत बसत नाही, हे मला आता कळतं. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. फणी खाली आली, थोडी थरथरली, पुन्हा सरळ झाली. तेवढ्या थरथरण्याने लाकूड झालं.

पुरं झाल्यावर त्या म्हणाल्या, "भिंग घेतलंत वाटतं?"

"हो."

"मला वाटलं, आठ दिवसांत घ्याल."

पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणालो, "आई, माझं चुकलं. घरी चला."

"कशाला? उजवी भिंत राहिली म्हणून?"

हो म्हणणं खोटं नव्हतं, नाही म्हणणंही खोटं नव्हतं. मी म्हणालो, "भिंत राहिलीच आहे. पण ती दुसऱ्या कुणाकडून करून घेतली तरी तुम्ही चला."

त्या पायरीवर माझ्याशेजारी बसल्या. "तुमच्या घरी मी पंधरा दिवसांची पाहुणी आहे. तीन वर्षं झाली तरी पंधरा दिवसच. पुन्हा पाहुणी म्हणून यायचं नाही मला. इथे परवा मला सुनेनं विचारलं, आई, रंग कुठला आणू? इतक्या वर्षांत मला कोणी असं विचारलं नव्हतं."

मी पायरीवरच्या रंगाच्या डब्याला झाकण लावलं. 

"एक सांगते," त्या म्हणाल्या. "घासकाम तुमचं चांगलं असतं. अस्तरही. खाचासुद्धा काडीने घासता, तेवढं आमच्या कारखान्यात कोणी करत नव्हतं. ते वाईट असतं ना, तर जावई असलात तरी मी त्या भिंतीला हात लावला नसता."

सव्वीस वर्षांत साहेबांनी मला इतकं स्पष्ट काही सांगितलं नव्हतं.

"गुरुवारपर्यंत माझी इथली दारं आहेत," त्या उठल्या. "थांबायचं तर थांबा. ते पलीकडचं दार घासायचं राहिलंय."

१७ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस दारं घासली. मेहुणा मला कामावरून आल्यावर चहा देतो आणि बिचकून बघतो. दुपारी झोपायला मिळत नाही. आज संध्याकाळी दोघे परतलो. बायकोने आईला घट्ट धरलं. माझं ताट वाढलं तेव्हा पोळी गरम होती.

डबे उद्या सकाळीच गॅलरीत हलवतो, असं मी म्हणालो. सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या खोलीत. रंग माझ्याजवळच बरे. तुम्ही झाकणं नीट लावत नाही."

२१ एप्रिल, सोमवार

उजवी भिंत पुन्हा पहिल्यापासून. माझ्या त्या दोन फळ्या मीच घासून काढल्या. अकराला सासूबाईंनी रेषा ओढायला घेतल्या, बाहेरच्या खोलीत, उघड्यावर, पेशंटांच्या समोर. एक मूल रडायचं थांबून बघत राहिलं.

डॉक्टरीणबाई हातमोजे काढत बाहेर आल्या. भिंतीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "या कोण? डबा घेऊन यायच्या त्या ना?"

बँकेत याच घटकेची मी वर्षानुवर्षं वाट पाहत असे. समोरचा माणूस खरं सांगणार की नाही, हे त्याच्या मानेवरून कळतं. माझी मान काय करत होती मला माहीत नाही.

"या कारागीर," मी म्हणालो. "ती डावी भिंत यांची आहे, आमच्या घरची भिंतही यांची आहे. काम यांना द्या. मी यांच्याकडे घासायला असतो."

बाई दोन्ही भिंतींकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "पण तुमचा तो विश्रांतीचा सिद्धांत?"

"तो बरोबरच आहे," सासूबाई भिंतीवरून नजर न काढता म्हणाल्या. "हे झोपले की काम फार चांगलं होतं."

सगळे पेशंट हसले, ज्यांची तोंडं उघडत होती ते. मीही हसलो. मग त्यांनी कंगव्याच्या टोकाने पुढच्या फळीचा खालचा कोपरा दाखवला. "इथे राहिलंय."

मी गुडघ्यावर बसून पाहिलं. राहिलं होतं.